लहान विमानतळावर न हरवण्याचे शास्त्र

अनोळखी इमारतीत किंवा अनोळखी शहरात माणूस आपली वाट कशी शोधतो, याच्या अभ्यासाला मार्गशोधन असे म्हणता येईल. अमेरिकन नगररचनाकार केविन लिंच यांनी 1960 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द इमेज ऑफ द सिटी’ या ग्रंथात या अभ्यासाचा पाया घातला. बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस येथील रहिवाशांशी बोलून त्यांनी असा निष्कर्ष काढला की माणूस डोक्यात परिसराचा जो नकाशा बाळगतो, तो वाटा, कडा, विभाग, नाकी आणि खुणा या पाच घटकांचा बनलेला असतो. सौंदड या गावाचा त्यांच्या अभ्यासात समावेश नव्हता, आणि ही उणीव लहान म्हणता येणार नाही. कारण तो झाला असता तर लिंच यांना पानठेल्यावर बसलेला माणूस हा सहावा घटक मान्य करावा लागला असता. पूर्व विदर्भात उरलेल्या पाचही घटकांचा कारभार तोच पाहतो, आणि तो जागेवर नसला तर ठेलेवाला पाहतो.

सौंदड हे गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील गाव नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 53 वर, म्हणजे जुनी माणसे आजही ज्याला ‘सहा नंबर’ म्हणतात त्या रस्त्यावर वसलेले आहे, आणि गोंदियाहून नागभीडमार्गे बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गाचे स्थानकही येथे आहे. रस्ता आणि रूळ असे दोन्ही दाराशी असल्यामुळे येथील माणूस प्रवासाला बिचकत नाही. गाडी कोठे लागते, किती वाजता लागते आणि खरोखर किती वाजता लागते, या तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे तीन वेगवेगळ्या माणसांकडून मिळवायची असतात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते. फलक वाचून खात्री होत नाही, विचारून होते, आणि दोघांना विचारून त्यांची उत्तरे जुळली तर मनही शांत होते. ही पद्धत एसटीच्या थांब्यावर व रेल्वेच्या फलाटावर पिढ्यानपिढ्या उपयोगी पडली आहे. ती विमानतळावर कितपत टिकते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सौंदडकराला विमान गाठायचे झाल्यास त्याच्यापुढे दोन पर्याय असतात. पश्चिमेला सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे, ज्याला विदर्भातले लोक अजूनही सोनेगाव म्हणतात. उत्तरेला त्याच्या जवळपास निम्म्या अंतरावर, गोंदिया शहरापासून सुमारे 12 किलोमीटर पलीकडे, बिरसीचा विमानतळ आहे. कागदावर हा निर्णय सोपा दिसतो. प्रत्यक्षात मात्र नागपूरला विमाने पुष्कळ आणि रस्ता लांब, तर बिरसीला रस्ता जवळचा आणि विमाने मोजकी, अशी स्थिती असल्याने घराघरांत या विषयावर दोन पक्ष पडतात, आणि नागपूरला सासर असलेल्या पक्षाचा आवाज नेहमी चढा असतो.

बिरसीचा इतिहास पाहिला तर हा विमानतळ संयमाचे उत्तम उदाहरण ठरतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 साली, ब्रिटिशांनी येथे धावपट्टी बांधली. युद्ध संपले, ब्रिटिश गेले, मध्य प्रांत जाऊन महाराष्ट्र आला, 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, आणि धावपट्टी जागच्या जागी राहिली. आधी सार्वजनिक बांधकाम विभाग, मग 1998 पासून औद्योगिक विकास महामंडळ आणि 2005 च्या अखेरीपासून भारतीय विमानतळ प्राधिकरण असे तिचे पालक बदलत गेले. सामान्य माणसाने तिकीट काढून बसावे असे वेळापत्रकानुसार चालणारे विमान येथून सुटले ते 13 मार्च 2022 रोजी, म्हणजे धावपट्टी झाल्यानंतर तब्बल 82 वर्षांनी. सरकारी कामाला वेळ लागतो हे सर्वांनाच ठाऊक आहे, परंतु येथे एका प्रवाशाचा आजोबा धावपट्टी बांधताना पाहतो आणि नातू त्यावरून उडतो, असा काळाचा हिशोब जुळतो.

हे विमान सुटले ते केंद्र सरकारच्या ‘उडान’ या योजनेखाली, जिचे पूर्ण नाव ‘उडे देश का आम नागरिक’ असे आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये जाहीर झालेल्या या योजनेतील पहिले उड्डाण 27 एप्रिल 2017 रोजी शिमला ते दिल्ली असे झाले, आणि त्याच दिवशी महाराष्ट्रातील नांदेडही हैदराबादशी जोडले गेले. सुमारे तासाभराच्या उड्डाणाला ठरावीक आसनांपुरते अडीच हजार रुपयांच्या आसपास भाडे घ्यायचे, त्यात कंपनीला येणारी तूट काही वर्षे सरकारने भरून द्यायची, आणि तोवर प्रवाशांना सवय लागेल अशी आशा करायची, असे या योजनेचे थोडक्यात स्वरूप आहे. बिरसीहून आधी इंदूर आणि हैदराबाद अशी सेवा सुरू झाली, ती काही महिन्यांतच थांबली. पुढे 1 डिसेंबर 2023 पासून दुसऱ्या एका कंपनीने हैदराबादमार्गे तिरुपती अशी सेवा सुरू केली. प्रवाशांना सवय लागेल ही सरकारची आशा रास्तच होती. फक्त सवय लागण्यासाठी विमानानेही थोडा वेळ थांबावे लागते, हा मुद्दा मागे पडला.

यावरून लहान विमानतळाच्या मार्गशोधनाचा पहिला सिद्धांत हाती येतो. मोठ्या विमानतळावर प्रवाशापुढचा प्रश्न ‘माझे विमान कोठे आहे’ असा असतो, तर लहान विमानतळावर तो ‘विमान आहे का’ इतका मूलभूत असतो. या प्रश्नाचे उत्तर आकाशाकडे पाहून शोधू नये, हा त्याचा उपसिद्धांत आहे. बिरसीला विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडातील सीएई ही कंपनी यांच्या भागीदारीतील राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. तेथे वैमानिक होऊ पाहणारी मुले लहान विमानांवर शिकतात आणि शिकताना त्याच त्या फेऱ्या पुनःपुन्हा मारतात. साहजिकच वाटेतल्या एखाद्या गावी गाडी थांबवून प्रवाशाने काळजीने ‘विमान आले का जी?’ असे विचारले, तर त्याला ‘सकाळपासून घिरट्या घालून राहिले न जी’ असे अगदी खरे आणि पूर्णपणे निरुपयोगी उत्तर मिळते. प्रवाशाचा जीव भांड्यात पडतो, आणि आपण पाहिलेले विमान चारच जणांचे होते हे त्याला विमानतळावर पोहोचल्यावर कळते.

सौंदडहून बिरसीकडे जाणाऱ्या वाटेवर लिंच यांचे पाचही घटक शिस्तीत हजर होतात. महामार्गाने सडक अर्जुनी ओलांडून कोहमाऱ्याला यायचे आणि तेथून उत्तरेला गोरेगावमार्गे गोंदियाकडे वळायचे; कोहमारा हे येथील नाके होय, कारण सरळ गेलेला प्रवासी देवरी ओलांडून छत्तीसगडात पोहोचतो. कोहमारा ते गोरेगाव या टप्प्यात मुरदोलीचे जंगल लागते. नवेगाव आणि नागझिरा या दोन जंगलांना जोडणाऱ्या पट्ट्यातला हा रस्ता असल्याने ही लिंच यांच्या परिभाषेतील कड ठरते, आणि येथे गाडी हळू चालवावी हे वन विभागाचे फलक सांगतात, तर गाडी दामटावी हे उशीर झालेल्या प्रवाशाचे मन सांगते. पुढे गोंदियाजवळ भातगिरण्या सुरू झाल्या की विभाग बदलला असे समजावे. खुणांच्या बाबतीत मात्र मतभेद संभवतो, कारण येथे रस्ता सांगणारा माणूस शक्यतो पूर्वी तेथे असलेली आणि आता पाडलेली वस्तू खूण म्हणून सांगतो, आणि ती सापडत नाही हे ऐकून त्याला मनापासून नवल वाटते. बिरसीच्या परिसरात धानाची शेते आणि तळी आहेत, आणि महाराष्ट्रात जो सारस पक्षी मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे तो नशिबाने दिसलाही, तरी त्याला खूण मानता येत नाही. तो परतीच्या वेळी त्याच जागी उभा राहील असे त्याने कोणालाही कबूल केलेले नसते.

आता प्रत्यक्ष इमारतीकडे वळता येईल. विमानतळावर प्रवाशांसाठी जी इमारत असते तिला टर्मिनल म्हणतात. मोठ्या विमानतळाचे टर्मिनल इतके विस्तीर्ण असते की तेथे फलकांशिवाय निभाव लागत नाही, आणि म्हणूनच फलकांची आखणी हा एक स्वतंत्र व्यवसाय होऊन बसला. ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळासाठी बेन्नो विसिंग या डच आरेखनकाराने 1967 साली केलेली फलकव्यवस्था जगभर वाखाणली गेली, आणि पुढे पिवळ्या पाटीवरची काळी अक्षरे ही अनेक विमानतळांची ओळख बनली. गोंदिया जिल्ह्यातील प्रवासी या परंपरेला बिरसीत येण्यापूर्वीच ओळखत असतो, कारण त्याने मुंबई किंवा दिल्लीचा विमानतळ स्वतः पाहिला नसला तरी तो पाहून आलेला एक भाचा प्रत्येक घरात असतो. हा भाचा आदल्या रात्री फोन करून सांगतो की चार तास आधी जावे, गेट कितीही लांब असू शकते, सरकत्या पट्ट्यावर उभे राहावे, आणि वाट्टेल ते झाले तरी टर्मिनल एक आणि टर्मिनल दोन यांत गोंधळ करू नये.

परिणामी प्रवासी चार तास आधी बिरसीला दाखल होतो आणि दार बंद पाहून हवालदिल होतो. जेथे दिवसाकाठी विमाने मोजकी असतात, तेथे कर्मचारीही विमानाच्या वेळेच्या बेतानेच कामाला लागतात, ही साधी गोष्ट भाच्याला माहीत नसते. पुढे दार उघडते आणि प्रवासी आत शिरतो, तेव्हा खरा पेच पडतो. त्याच्या दृष्टीच्या एकाच टप्प्यात तपासणीचे टेबल, सामान देण्याची खिडकी, सुरक्षा तपासणीचे दार, बसण्याच्या खुर्च्या आणि काचेपलीकडची धावपट्टी असे सर्व काही एकदम येते. हरवण्याची पूर्ण तयारी करून आलेल्या माणसाला हरवायला जागाच मिळाली नाही, तर त्याचा अपेक्षाभंग होतो. ‘हे एवढेच?’ असे तो स्वतःशी म्हणतो, आणि आणखी कोठेतरी खरा विमानतळ असेल या शंकेने एकदा बाहेर जाऊन पुन्हा पाहून येण्याचा त्याचा विचार असतो. परंतु एकदा आत आलेल्याने बाहेर जाऊ नये असे दारावरचा जवान त्याला सांगतो.

दारावरचा हा जवान दोन गोष्टी पाहतो: तिकीट आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र. ज्याच्याकडे तिकीट नाही त्याला आत सोडले जात नाही, आणि ही अट पूर्व विदर्भाच्या लोकरीतीला थेट आव्हान देणारी आहे. सौंदडहून एक माणूस हैदराबादला निघाला, तर त्याला पोचवायला जीप भरून माणसे येतात. त्यांत ज्याची जीप असते तो, ज्याने जीप ठरवून दिली तो, प्रवाशाचे आईवडील, एक आत्या, आणि विमान जवळून पाहायचे म्हणून शाळा बुडवून आलेली दोन-तीन मुले असतात. घरून निघताना हातावर दही-साखर ठेवून झालेली असते, तरी निरोपाचा मुख्य भाग दारापाशीच उरकावा लागतो, आणि तो तेथे इतका लांबतो की मागे खोळंबलेल्या प्रवाशांनाही हळूहळू त्या कुटुंबाची सगळी हकीकत कळते. ‘पोहोचल्याबरोबर फोन कर बाप्पा’ हे वाक्य या ठिकाणी किती वेळा उच्चारले जाते याची नोंद कोणी ठेवलेली नाही, परंतु दारावरच्या जवानाला ते पाठ असावे.

पुढचा टप्पा चेक-इनचा, म्हणजे आपण प्रवासाला हजर आहोत असे कंपनीला कळवून बोर्डिंग पास घेण्याचा आणि मोठे सामान तिच्या ताब्यात देण्याचा होय. बोर्डिंग पास हा आसनाचा क्रमांक लिहिलेला परवाना असून तो असल्याखेरीज विमानात बसता येत नाही. देशांतर्गत उड्डाणाची ही खिडकी साधारणतः सुटण्याच्या एक तास आधी बंद होते. ताब्यात द्यायच्या सामानाची मर्यादा बहुधा 15 किलो आणि हाती न्यायच्या पिशवीची 7 किलो असते. गोंदिया हा धानाचा जिल्हा आहे, आणि येथील कोणत्याही आईला परगावी राहणाऱ्या मुलाने तेथला विकतचा तांदूळ खावा हे पटत नाही. म्हणून 15 किलोंपैकी 10 किलो चिन्नोर तांदूळ, दोन किलो लाखोळीची डाळ, त्यावर लोणच्याची बरणी आणि मग उरल्या जागेत मुलाचे कपडे, असा हिशोब घरी बसतो. काट्यावर मात्र आकडा 19 दाखवतो. धानाची चुंगडी नुसती उचलून वजन सांगणारी माणसे या जिल्ह्यात गावोगाव आहेत, त्यामुळे विमान कंपनीचा काटा चुकीचा आहे हे पोचवायला आलेल्या मंडळींचे मत काचेबाहेरून हातवाऱ्यांनी व्यक्त होते. शेवटी पिशवी तेथेच जमिनीवर उघडली जाते, आणि कपडे बाहेर काढून अंगावर चढवले जातात. मे महिन्याच्या उन्हात दोन सदरे आणि एक स्वेटर घालून बसलेला प्रवासी दिसला, तर त्याच्या सामानात तांदूळ आहे असे निःशंकपणे समजावे.

सामानाचे नियम हे मार्गशोधनाचेच अंग आहे, कारण येथे माणसाबरोबर वस्तूंनाही आपापली वाट शोधावी लागते. मोबाईल चार्ज करण्याची पॉवर बँक हातातल्या पिशवीतच न्यावी लागते, मोठ्या सामानात ती चालत नाही. लाल तिखटाचे नेमके उलटे आहे: ते डोळ्यांत फेकण्याचे हत्यार होऊ शकते म्हणून हातात नेता येत नाही, खाली ठेवलेल्या सामानात जाऊ शकते. सुक्या खोबऱ्याच्या वाटीला तर कोठेच जागा नाही, कारण तेलाने भरलेले खोबरे तापून पेट घेऊ शकते असे विमानशास्त्र मानते. आजवर केवळ भाजीच्या वाटणात पाहिलेली वस्तू स्फोटकांच्या पंगतीत बसलेली पाहून गृहिणींना जो धक्का बसतो, तो शब्दांत सांगणे कठीण आहे. ‘काहून जी, खोबऱ्यानं का होते?’ या प्रश्नाला खिडकीपलीकडचा तरुण फलकावरच्या चित्राकडे बोट दाखवतो. त्या चित्रात खोबऱ्याची वाटी असते आणि तिच्यावर तांबडी फुली असते. संपूर्ण इमारतीत बारकाईने वाचला जाणारा हा एकमेव फलक होय.

त्यानंतर सुरक्षा तपासणी येते. येथे हातातली पिशवी यंत्रातून जाते आणि माणूस धातुशोधक चौकटीतून जातो. मोबाईल, पाकीट, नाणी आणि कमरेचा पट्टा वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावा लागतो, आणि पट्टा काढल्यावर दोन्ही हात वर करण्याची सूचना मिळाली की काही प्रवाशांपुढे गंभीर प्रश्न उभा राहतो. काडेपेटी, लायटर आणि अडकित्ता येथेच मुक्कामाला राहतात. परंतु पूर्व विदर्भातील तपासणीचे खास आकर्षण म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तो घोटला जातो आणि छातीच्या खिशात बाळगला जातो. जवानाच्या हाताला खिशात काहीतरी चपटे लागते, तो ‘हे काय?’ असे विचारतो, आणि दोन मुले व तीन एकर धान असलेला गृहस्थ हेडमास्तरापुढे सापडलेल्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्याने ‘काही नाही जी’ असे म्हणतो. जवान परप्रांतातून बदलून आलेला असला तर त्याला हा पदार्थ समजावून सांगावा लागतो. वर्षभर येथे काढलेला असला तर तो नुसता मान हलवतो. प्रश्न खर्रा नेण्याचा नसून तो खाल्ल्यावर थुंकण्याचा आहे, आणि विमानाची खिडकी उघडत नाही ही माहिती काही जणांना फार उशिरा मिळते.

तपासणीपलीकडे बसण्याचे दालन असते आणि तेथून विमानाकडे जाण्याच्या दाराला गेट म्हणतात. मोठ्या विमानतळांवर गेटांची संख्या डझनांनी मोजतात आणि तेथे गेट ऐनवेळी बदलण्याची प्रथा आहे. शिवाय तेथील अनेक ठिकाणी आता उड्डाणांच्या घोषणा जवळपास बंद करून सगळा भार पडद्यांवर टाकलेला आहे, त्यामुळे डुलकी लागलेल्या प्रवाशाचे विमान त्याला न उठवता निघून जाते. लहान विमानतळावर असे होणे अवघड आहे. तेथे मोजके प्रवासी, त्यांच्या नावांची एक यादी, आणि ती हातात घेऊन फिरणारा कर्मचारी असतो. एखादा प्रवासी कमी भरला तर हा कर्मचारी खुर्च्यांमधून, पाण्याच्या नळापाशी आणि स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत जाऊन त्याला शोधून आणतो. मोठ्या विमानतळावर प्रवासी गेट शोधतो, लहान विमानतळावर गेटच प्रवाशाला शोधत येते. सहावा घटक येथे गणवेश घालून कामावर असतो.

या व्यवस्थेत एकच अडचण संभवते, आणि ती आडनावांची आहे. विमान कंपन्या माणसाला आडनावाने हाक मारतात. गोंदिया जिल्ह्यात पटले, बिसेन, रहांगडाले, मेश्राम ही आडनावे इतकी पसरलेली आहेत की ‘पटले कोण आहेत?’ असे विचारताच दालनातली निम्मी माणसे उभी राहतात आणि उरलेली आपले मामा, साळे किंवा व्याही पटले असल्याचे सांगतात. पुढील दहा मिनिटांत कोण कोणत्या गावचा, कोणाची मुलगी कोठे दिली, आणि तिरोड्याच्या त्या लग्नात आपण भेटलो होतो, हे सर्व निश्चित होते. हरवलेला प्रवासी अजून सापडलेला नसतो, पण दोन नाती नव्याने सापडलेली असतात.

गेट उघडल्यावर प्रवासी ज्या फरसबंद पटांगणात येतो आणि जेथे विमान उभे असते, त्याला ॲप्रन म्हणतात. मोठ्या विमानतळावर येथे बस असते किंवा थेट विमानाच्या दाराला टेकणारा बंदिस्त पूल असतो. बिरसीसारख्या ठिकाणी जमिनीवर आखलेल्या पट्ट्यांमधून पायी जावे लागते. अशा मार्गांवर बहुधा एटीआर-72 हे फ्रेंच-इटालियन बनावटीचे, दोन पंखे असलेले, सत्तरेक आसनांचे विमान वापरले जाते, आणि त्यात मार्गशोधनाचा शेवटचा सापळा दडलेला आहे. या विमानात पुढच्या भागात सामान ठेवतात आणि प्रवाशांचे दार मागे शेपटीजवळ असते. पहिल्या रांगेचा मान मिळावा म्हणून जास्तीचे पैसे मोजून आसन घेतलेल्या प्रवाशाला म्हणूनच सगळे विमान ओलांडून टोकाला जावे लागते आणि उतरताना तो सर्वांत शेवटी उतरतो. उलट ज्याला कोणी विचारले नाही, असा शेवटच्या रांगेतला माणूस सर्वांआधी बाहेर पडतो. एसटीत मागच्या बाकावर बसून जन्म काढलेल्यांना या विमानात न्याय मिळतो. ॲप्रनवर मध्येच थांबून पाठीमागे विमान घेऊन छायाचित्र काढण्याचा मोह अनावर असतो, आणि कर्मचाऱ्याने ‘चला, चला’ म्हणेपर्यंत तो सर्वांना होतो. मग स्वेटर घातलेला प्रवासीही सुहास्य मुद्रेने उभा राहतो.

तिरुपतीच्या यात्रेकरूंचा उल्लेख केल्याखेरीज हे विवेचन पुरे होणार नाही. जाताना डोक्यावर केस आणि ओळखपत्रातही केस, त्यामुळे तपासणी सुरळीत होते. परतताना तिरुपतीजवळच्या रेणिगुंटा येथील विमानतळावर एकाच कुटुंबातील आजोबा, वडील आणि नातू असे तिघे गुळगुळीत डोक्यांनी उभे राहतात, आणि ओळखपत्रावरून कोण कोणता हे ठरवण्याचे काम अधिकाऱ्यावर येते. तेथील अधिकारी मात्र या कामात इतके मुरलेले असणार की केसांनिशी परतणाऱ्याकडेच त्यांनी संशयाने पाहावे. या प्रवाशांच्या हातातल्या पिशवीत लाडू असतात, जे यंत्रातून जाताना गोल गोल दिसतात, आणि येथे खोबऱ्याप्रमाणे कोणी हरकत घेत नाही.

लहान विमानतळाचे गुणगान करताना नागपूरवर अन्याय होऊ नये. मध्य भारतात राहणाऱ्याने नागपूरचा एक जुना पराक्रम लक्षात ठेवायला हवा. 1949 साली भारतात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रास अशा चार दिशांनी निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत पोहोचत. अपरात्री, झोपेने जडावलेल्या डोळ्यांनी, चार विमानांतून आपले नेमके विमान ओळखून त्यात चढणे, हे त्या काळातील प्रवाशाचे मार्गशोधन होते, आणि त्याला ना रंगीत पडदा मदतीला होता ना मोबाईलवरचा नकाशा. ज्या देशाने ते जमवले, त्या देशातील माणसाला एका गेटाच्या विमानतळावर घाबरण्याचे कारण नाही.

एकूण विचार करता असे म्हणावे लागते की बिरसीसारख्या विमानतळावर प्रवासी हरवतो तो इमारतीमुळे नाही, तर दुसऱ्याच्या विमानतळाची ऐकीव भीती सोबत आणल्यामुळे. येथे मार्गाची माहिती फलकांपेक्षा माणसांकडे अधिक आहे, आणि विचारण्याची जुनी सवय, जी मोठ्या शहरात गावंढळपणा समजली जाते, ती येथे पुन्हा उपयोगाला येते. उणीव आहे ती एकाच गोष्टीची, आणि ती प्रवाशाच्या हातातली नाही: विमान नेमाने येत राहिले पाहिजे. गेट शोधायला पाच मिनिटे पुरतात. बंद पडलेली सेवा शोधायला पंचक्रोशीतले सगळे पानठेले पालथे घातले तरी ती सापडत नाही. म्हणून सौंदडहून निघणाऱ्याने तांदूळ भातगिरणीच्या काट्यावर मोजून घ्यावा, खोबरे घरी ठेवावे, खर्रा जीपमधल्या मित्राच्या हवाली करावा, तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव आदल्या दिवशी ताडून पाहावे, आणि जीप सुरू करण्यापूर्वी विमान कंपनीकडे चौकशी करून आजच्या तारखेला विमान आहे याची खात्री करून घ्यावी. बाकी सर्व तेथे कोणीही सांगेल.